दारी ठेवावयाचा दिवा

योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात उत्तम मेंढपाळाचे ते सुपरिचित रूपक येते. ते संपल्यावर बाविसाव्या वचनापाशी योहान एक लहानसा तपशील नोंदवतो. यरुशलेमात मंदिराच्या प्रतिष्ठापनेचा सण चालू होता, दिवस हिवाळ्याचे होते आणि प्रभू येशू मंदिरातील शलमोनाच्या देवडीत येरझारा घालीत होता, एवढेच तो सांगतो. चारही शुभवर्तमानांत ह्या सणाचा उल्लेख ह्या एकाच ठिकाणी आहे. हा सण म्हणजे हनुक्का, यहुदी समाजाचा दिव्यांचा सण. थंडीच्या दिवसांत, आपल्या लोकांच्या सणाला, आपल्या पित्याच्या मंदिरात फिरणारा येशू आपल्या डोळ्यांपुढे सहसा उभा राहत नाही. आपला नाताळ गव्हाणीपाशी सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. त्या गव्हाणीतले बाळ पुढे मोठे होऊन कोणते सण पाळत होते, हा प्रश्न आपल्याला क्वचितच पडतो.

२०२४ साली दिनदर्शिकेनेच हा प्रश्न आपल्यापुढे आणून ठेवला. यहुदी पंचांगातले महिने चंद्रावर चालतात, त्यामुळे हनुक्का दर वर्षी मागेपुढे सरकतो. त्या वर्षी त्याचा पहिला दिवा लागला तो २५ डिसेंबरच्या संध्याकाळी आणि आठवा लागला १ जानेवारीच्या संध्याकाळी. नाताळचा अष्टाह आणि हनुक्काच्या आठ संध्याकाळी अशा दिवसास दिवस जुळून आल्या. ह्यापूर्वी हा योग २००५ साली आला होता. ह्या निमित्ताने आमच्या कोल्हापूरच्या धर्मग्रामातील युवक मंडळाने चर्चच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, रांगोळीचा आणि पणत्यांचा एक देखावा मांडायचे ठरवले. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत विषय निघाला, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी शांतपणे विचारले, “फादर, आपल्या शहरात हा सण पाळणारे एक तरी घर कोणाला माहीत आहे का? मग हा दिवा कोणासाठी?”

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर बैठकीत दोन वाक्यांत देता येण्याजोगे नव्हते. ते सविस्तर मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सणाची मूळ कथा मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात आहे. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात यहुदी प्रदेशावर सिरियाच्या ग्रीक राजांची सत्ता होती. त्यांपैकी चौथा अंतियोख ह्याने इ. स. पूर्व १६७ च्या सुमारास यहुदी धर्मच मोडून काढण्याचा घाट घातला. शब्बाथ पाळणे, मुलांची सुंता करणे, नियमशास्त्राचा ग्रंथ जवळ बाळगणे हे देहान्ताचे गुन्हे ठरले. यरुशलेमच्या मंदिरातील वेदीवर परक्या दैवताची वेदी उभी राहिली. मोदीन गावच्या वृद्ध मत्तथ्या याजकाने आणि त्याच्या पाच मुलांनी ह्याविरुद्ध डोंगरांचा आश्रय घेतला. मत्तथ्यानंतर त्याचा मुलगा यहूदा मक्काबी पुढे झाला आणि इ. स. पूर्व १६४ मध्ये मंदिर पुन्हा हाती आले. ते लोक आत गेले, तेव्हा त्यांना काय दिसले हे ग्रंथकर्त्याने मोठ्या करुणेने लिहिले आहे. दरवाजे जळून गेले होते आणि अंगणात रानासारखी झुडपे माजली होती. भ्रष्ट झालेल्या वेदीचे दगड फेकून द्यावेत की ठेवावेत हे त्यांना उमगेना. शेवटी ते दगड त्यांनी एका बाजूला जपून ठेवले. पुढे कोणी संदेष्टा येईल आणि त्यांचे काय करावयाचे ते सांगेल, ह्या आशेने. मग त्यांनी न घडवलेल्या दगडांची नवी वेदी रचली, दीपवृक्षावरचे दिवे लावले आणि आठ दिवस उत्सव केला.

ह्या कथेशी आपले, कॅथलिकांचे, एक विशेष नाते आहे. मक्काबींचे दोन ग्रंथ यहुदी समाजाच्या पवित्र शास्त्रात नाहीत आणि आपले प्रॉटेस्टंट बंधूही त्यांना प्रमाण शास्त्रात धरीत नाहीत. ते आपल्या बायबलमध्ये मात्र आहेत. २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी मिस्सामध्ये अनेकदा जे वाचन आपण ऐकतो, रणांगणावर पडलेल्या सैनिकांच्या पापक्षमेसाठी यहूदाने यरुशलेमला अर्पण पाठवल्याचे, ते मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातले आहे. सात मुलांना डोळ्यांदेखत मरताना पाहूनही त्यांना धीर देणारी माताही त्याच ग्रंथातली. म्हणजे इतिहासाने मोठी विलक्षण वाटणी केली. ग्रंथ आपल्याकडे राहिला आणि दिवा त्यांच्याकडे राहिला.

दिव्याची कथा त्यांच्या तालमूद ह्या ग्रंथात येते. मंदिर शुद्ध केल्यावर पवित्र तेलाची एकच कुपी सापडली. तेल एका दिवसापुरते होते, पण दिवा आठ दिवस तेवला. ही गोष्ट आता मुलांच्या पुस्तकांतही आढळते. मला अधिक मोलाचे वाटतात ते तिच्या आगेमागे येणारे नियम. कोणी एका दिवाणखान्यात बसून ते केलेले नाहीत. रस्त्यावर राहणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या, अडचणीत सापडलेल्या माणसांच्या समाजाने ते केलेले आहेत.

पहिला नियम असा, की हा दिवा घराच्या दाराबाहेर, रस्त्याच्या बाजूला ठेवावा. घर माडीवर असेल तर रस्त्याकडच्या खिडकीत ठेवावा. तो सूर्यास्तानंतर लावावा आणि बाजारातून घरी परतणाऱ्यांची पावले थांबेपर्यंत तेवत राहावा. देवाने केलेल्या कृपेची वार्ता येणाऱ्याजाणाऱ्याला कळावी, एवढाच त्याचा हेतू. दुसरा नियम असा, की ह्या दिव्याचा कामासाठी उपयोग करू नये. त्याच्या उजेडात पैसे मोजू नयेत, असे एका शास्त्रीबोवांनी मुद्दाम सांगून ठेवले आहे. तो केवळ पाहण्यासाठी आहे. म्हणूनच आठ दिव्यांखेरीज एक नववा, थोडा वेगळा उभा असलेला दिवा ठेवण्याची रीत पडली. बाकीचे दिवे त्याने लावायचे आणि उजेडाची गरज पडलीच तर ती त्याने भागवायची. त्याला त्यांच्या भाषेत सेवक म्हणतात. तिसरा नियम उंचीचा. दिवा वीस हातांपेक्षा उंच ठेवला तर तो व्यर्थ, कारण इतक्या उंचीवर माणसाची नजर जात नाही. हा हात म्हणजे आपला जुना मराठी हातच, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. अंबाडीने लादलेला उंट रस्त्याने चालला आहे आणि दुकानाबाहेरच्या दिव्याने अंबाडीला आग लागली. नुकसानभरपाई कोणी द्यायची? दिवा बाहेर ठेवला म्हणून दुकानदाराने, असे धर्मशास्त्र सांगते. पण तो हनुक्काचा दिवा असेल तर दुकानदार मोकळा, असे रब्बी यहूदा ह्यांचे मत पडले. डिसेंबरात उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या आमच्या जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून कारखान्यांकडे जात असतात. त्या पाहताना मला त्या उंटाची आठवण होते. दिवा खरोखरच रस्त्यावर असे, लोकांच्या वाटेत असे, ह्याचा ह्याहून चांगला पुरावा कोणता?

सार्वजनिक कला म्हणजे काय, ह्यावर अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. माझ्या अल्पमतीप्रमाणे तिची लक्षणे ह्या नियमांत जवळजवळ सगळी आली आहेत. ती दाराबाहेर असावी, वाटसरूसाठी असावी, तिच्या उजेडात कोणी आपले पैसे मोजू नयेत आणि माणसाच्या नजरेच्या टप्प्यात असावी. ह्याच्या अगदी उलट जातीची कलाही जगात आहे. रोममध्ये सम्राट तीत ह्याच्या नावाने पहिल्या शतकाच्या अखेरीस उभारलेली विजयाची कमान आजही उभी आहे. इ. स. ७० मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. तिथला सात शाखांचा दीपवृक्ष खांद्यांवर घेऊन मिरवत निघालेले विजेते त्या कमानीच्या आतल्या बाजूस कोरले आहेत. तेही शिल्प सर्वांनी पाहावे म्हणूनच घडवले गेले. एकच दिवा, पण एका ठिकाणी तो लूट म्हणून मिरवला गेला आणि दुसऱ्या ठिकाणी प्रार्थना म्हणून दारात तेवला. साम्राज्य संपले, कमान दगडाची उरली. दारातला दिवा मात्र दर वर्षी कोणीतरी नव्याने लावतो.

हा सण आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर कसा आला, ती हकीकत तर याहूनही मनोज्ञ आहे. कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, किनाऱ्यावरील बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते, की फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. ते कोकणातल्या गावांत राहिले, मराठी बोलू लागले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. किहीमचे ते किहीमकर किंवा केहिमकर, पेणचे ते पेणकर, दिव्याचे ते दिवेकर. त्यांच्या सणांची जुनी मराठी नावे ऐकावीत: नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. प्रायश्चित्ताच्या दिवशी घराची दारे लावून उपवास करीत, त्याला दारफाळणीचा सण म्हणत. ग्रंथ नसताना, गुरू नसताना, केवळ ओठांवर आणि चुलीवर त्यांनी हे सगळे शतकानुशतके जपले.

परंतु ह्या यादीत हनुक्काला नाव नाही. हा सण त्यांना माहीतच नव्हता. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्यावरून असा तर्क केला, की मक्काबींच्या लढ्यापूर्वीच, इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास, त्यांचे पूर्वज मायदेश सोडून निघाले असावेत. इतिहास म्हणून हा तर्क कितपत टिकतो ते पंडितांनी ठरवावे. माझे मन मात्र एका गोष्टीपाशी रेंगाळते. ज्या समाजाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळले गेले, त्या समाजाला तेलाच्या चमत्काराची कथाच ठाऊक नव्हती. कोचीनकडून दाविद राहाबी नावाचे गृहस्थ आले, त्यांनी शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे नियम ह्यांवरून हे आपलेच लोक आहेत हे ओळखले आणि त्यांना पुन्हा धर्मशिक्षण दिले, असे परंपरा सांगते. पुढे कोचीनच्या आणि बगदादच्या यहुद्यांशी संबंध वाढले, १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर ह्यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले आणि हळूहळू हनुक्काचा दिवाही मराठी घरांत तेवू लागला. म्हणजे सण उशिरा शिकला तरी तो परका ठरत नाही. आपल्या पूर्वजांच्या कथेतले हरवलेले एक पान सापडले, असे त्या लोकांना वाटले असेल.

पुण्यात सेमिनरीत शिकत असताना कॅम्पातील लाल देवळावरून आम्ही अनेकदा जात असू. डेव्हिड ससून ह्यांनी बांधवलेले हे सिनेगॉग १८६७ मध्ये पूर्ण झाले. लाल विटांचे आणि उंच मनोऱ्याचे हे मंदिर अनोळखी माणसाला प्रथम चर्चच वाटते. वर्गात आम्ही हिब्रू मुळाक्षरे गिरवीत होतो आणि ती अक्षरे ज्यांच्या प्रार्थनेची, ते लोक चार रस्ते पलीकडे मराठी बोलत होते. त्यांच्यातील बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर इस्रायलला गेली आणि तिथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. आज भारतात ह्या समाजाचे काही हजार लोक उरले आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला.

हा दिवा घरातून पुन्हा चौकात आला तो गेल्या पन्नास वर्षांत. १९७४ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात, स्वातंत्र्याच्या घंटेजवळ, एक साधा लाकडी दीपवृक्ष जाहीरपणे लावला गेला आणि तिथून ही प्रथा जगभर पसरली. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर याकोव आगाम ह्या नामवंत शिल्पकाराने घडवलेला सुमारे ३२ फूट उंचीचा दीपवृक्ष दर वर्षी उभारला जातो. बांधणाऱ्यांच्या हाती पैसा होता, यंत्रे होती. तो गगनचुंबी इमारतींशी स्पर्धा करू शकला असता. पण वीस हातांची मर्यादा पाळायची म्हणून तो तेवढाच ठेवला. उंचच उंच पुतळ्यांच्या आणि ध्वजस्तंभांच्या ह्या काळात मला ही मर्यादा अत्यंत सुसंस्कृत वाटते.

आपल्याकडे मुंबईत ह्या दिव्याला रक्ताची पार्श्वभूमी लाभली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी सुरू झालेल्या दहशतवादी हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांच्या पत्नी रिव्का आणि आणखी चौघे मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला छातीशी धरून बाहेर घेऊन आली ती त्याला सांभाळणारी ख्रिस्ती बाई. महिनाही उलटला नव्हता, तोच त्या डिसेंबरात गेटवे ऑफ इंडियापाशी हनुक्काचे दिवे लागले. शेजारच्या ताज हॉटेलवर तेव्हा हल्ल्याच्या जखमा होत्या. त्या जागी सण मांडणाऱ्यांनी सूड मागितला नाही, दुःख लपवलेही नाही. त्यांनी एक दिवा लावला, दुसऱ्या संध्याकाळी आणखी एक लावायचा म्हणून. ह्या चढत्या क्रमालाही आधार आहे. आठपासून सुरुवात करून रोज एक कमी करावा, असे शम्मईच्या शिष्यांचे मत होते. हिल्लेलचे शिष्य म्हणाले, एकापासून सुरुवात करून रोज एक वाढवावा, कारण पवित्र गोष्टीत चढत जावे, उतरू नये. लोकांनी हिल्लेलच्या शिष्यांचे ऐकले.

आता “हा दिवा कोणासाठी?” ह्या प्रश्नाकडे वळतो. त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर १९९३ साली अमेरिकेतील बिलिंग्ज नावाच्या एका मध्यम आकाराच्या गावाने दिले. तिथे यहुदी कुटुंबे अगदी थोडी होती. त्या डिसेंबरात एका यहुदी मुलाच्या खोलीच्या खिडकीवर कोणीतरी विटेचा तुकडा भिरकावला, कारण काचेवर हनुक्काच्या दिव्याचे चित्र लावले होते. गावातल्या चर्चमधील मुलांनी रविवारी कागदावर तेच चित्र काढून आपापल्या खिडकीत लावले. तिथल्या कॅथलिक शाळेने आपल्या फलकावर यहुदी मित्रांना सणाच्या शुभेच्छा लिहिल्या. तिच्याही काचा फुटल्या. मग गावच्या वर्तमानपत्राने पूर्ण पानभर दिव्याचे चित्र छापले आणि सुमारे दहा हजार घरांच्या खिडक्यांत ते पान लागले. आता दगड मारणाऱ्याने कोणत्या घरावर मारावा? वर्तमानपत्राचा तो कागद कलेच्या कोणत्याही दालनात ठेवण्याच्या योग्यतेचा नसेल, पण मला तो ह्या विषयातील सर्वश्रेष्ठ सार्वजनिक कलाकृतींपैकी एक वाटतो. त्या दहा हजार घरांपैकी बहुतेकांचा तो सणच नव्हता. तो दिवा शेजाऱ्यासाठी होता.

आमच्या बैठकीत महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने दुसरी हरकत घेतली आणि तीही मनापासून होती. पश्चिम आशियात एवढे रक्त सांडत असताना आपण हा दिवा लावला तर लोक त्याचा अर्थ काय घेतील? मी तिला म्हणालो, की हा दिवा कोणत्याही राज्याचा झेंडा नाही. तो झेंड्याहून कितीतरी जुना आहे. त्या वेळी पोप फ्रान्सिस जवळजवळ रोज संध्याकाळी गाझातील पवित्र कुटुंबाच्या धर्मग्रामाला दूरध्वनी करून तिथे आश्रय घेतलेल्यांची विचारपूस करीत होते. त्या धर्मग्रामासाठी आणि ओलीस ठेवलेल्यांच्या कुटुंबांसाठी आम्ही त्या आठही दिवसांच्या मिस्सांत प्रार्थना करायचे ठरवले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा काढून यहुदीद्वेषाचा निषेध केला. १९८६ साली पोप जॉन पॉल दुसरे रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले आणि त्यांनी यहुदी समाजाला आपले थोरले भाऊ म्हटले. थोरल्या भावाच्या सणाची आठवण ठेवणे म्हणजे भांडणात बाजू घेणे नव्हे. भावाच्या घरात काय चालले आहे ह्याचे दुःख त्याच्या सणाच्या दिवशी अधिक होते, एवढे मात्र खरे.

आम्ही एक पथ्य पाळले. त्यांच्या आशीर्वादाच्या प्रार्थना आम्ही म्हटल्या नाहीत. त्या त्यांच्या आहेत. आम्ही फक्त चित्र काढले. कोल्हापूरच्या मुलांना हे शिकवावे लागत नाही. त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे पंचगंगेच्या घाटावर हजारो पणत्या लागतात, पायऱ्यांवर मोठमोठ्या रांगोळ्या रेखल्या जातात, तिथे आमच्या युवक मंडळातील काही मुले मित्रांबरोबर दर वर्षी जातात. देवळांच्या अंगणातील दगडी दीपमाळा तर लहानपणापासून त्यांच्या डोळ्यांखालच्या आहेत. ह्या शहराला कलापूर म्हणतात ते उगाच नव्हे. फाटकाबाहेर शेणाने सारवलेल्या फळीवर त्यांनी नऊ शाखांचा दीपवृक्ष रांगोळीने काढला आणि कुंभार गल्लीतून आणलेल्या, दिवाळीत उरलेल्या पणत्या प्रत्येक शाखेच्या टोकाला मांडल्या. खाली मराठीत एवढेच लिहिले: योहान १०, २२.

पहिल्या संध्याकाळी सेवक आणि एक, अशा दोनच पणत्या पेटल्या. नाताळच्या रोषणाईपुढे त्या अगदी गरीब दिसत होत्या. “फादर, बाकीच्या विझल्या काय?” असे रिक्षावाल्यांनी विचारले. तिसऱ्या दिवशी समोरच्या फळांच्या गाडीवाल्याने आपली गाडी दोन हात सरकवून वाऱ्याच्या बाजूने आडोसा केला, कोणी सांगितले नव्हते. पाचव्या दिवशी तो येणाऱ्या गिऱ्हाइकाला स्वतःच सांगू लागला, “आज पाचवा. रोज एक वाढतो.” त्याला मक्काबी ठाऊक नव्हते, अंतियोख ठाऊक नव्हता, पण रोज एक वाढतो, हे शास्त्र त्याला नेमके समजले होते. आठव्या संध्याकाळी, १ जानेवारीला, आपण देवमाता मरियेचा सण पाळतो. पूर्वी हाच दिवस प्रभूच्या सुंतेचा सण म्हणून पाळला जाई. आठव्या दिवशी, मोशेच्या नियमाप्रमाणे, यहुदी मातेच्या यहुदी बाळाचे नाव येशू ठेवले गेले. त्या संध्याकाळी नऊही पणत्या तेवत होत्या. बैठकीत प्रश्न विचारणारे ज्येष्ठ सभासद मिस्सा संपल्यावर बराच वेळ तिथे उभे होते. ते काही बोलले नाहीत, मीही विचारले नाही. मात्र विझू घातलेल्या एका पणतीत त्यांनी तेल घातले.

हा लेख लिहिताना आणखी एक घर माझ्या डोळ्यांपुढे आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्या आपल्या एका भगिनीने मला सांगितले, की त्या नाताळचा तारा आता बाहेर टांगत नाहीत. मालकांनी उघड मनाई केलेली नाही; पण एकदा कपाळावर आठी दिसली, तेव्हापासून तारा खिडकीच्या आत, पडद्यामागे असतो. “फादर, हे भित्रेपण का?” असे त्यांनी विचारले. तालमूदमध्ये ह्यावरही नियम आहे. संकटाचा काळ असेल तर दिवा दाराबाहेर ठेवण्याचा आग्रह धरू नये. तो घरातल्या मेजावर ठेवावा आणि तेवढे पुरे. त्या भगिनीला मी हेच सांगितले. मेजावरचा दिवा लहान नसतो. जुन्या नियमशास्त्र्यांनी भ्यालेल्या माणसाला अपराधी ठरवले नाही. पण ज्यांच्या घराला असे भय नाही, त्यांच्यावर मात्र ह्या नियमाने एक जबाबदारी येते. शेजाऱ्याचा दिवा मेजावर का गेला, हे त्यांनी विचारले पाहिजे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहावीत म्हणून साहाय्य केले, त्यांत ख्रिस्ती मुलांचेही होते. दुसऱ्याच्या दिव्यासाठी जागा करून देण्याची ह्या गावाची रीत जुनी आहे. ती पुढे चालवताना आपण केवळ घेणारे राहू नये.

आणि शेवटी एक नियम, जो धर्मगुरू म्हणून मला सर्वांत जवळचा वाटतो. घरात तेल एकाच दिव्यापुरते असेल आणि शब्बाथच्या संध्याकाळचा घरातला दिवा व हनुक्काचा दारातला दिवा ह्यांपैकी एकच लावता येत असेल, तर काय करावे? घरातला लावावा, असे ते सांगतात. कारण घरात अंधार असला की माणसे एकमेकांना अडखळतात आणि घराची शांती मोडते. चमत्काराची वार्ता रस्त्याला सांगण्याआधी चुलीपाशी बसलेल्यांना एकमेकांचे चेहरे दिसले पाहिजेत. आपल्या धर्मग्रामांत दर वर्षी रोषणाई वाढते, गव्हाणीच्या देखाव्यांच्या स्पर्धा होतात, त्यांत वाईट काही नाही. परंतु ज्या घरी भाऊ भावाशी बोलत नाही, सून आणि सासू दोन वेगळ्या मिस्सांना जातात, त्या घराने ह्या वर्षी दाराबाहेरच्या माळा थोड्या कमी लावाव्यात आणि तेवढे तेल आतल्या दिव्यात घालावे. तो नीट तेवू लागला, की त्याच ज्योतीने दारातला दिवा लावता येईल. आपलाही आणि शेजाऱ्याचाही.